पाठमोरा हँडओव्हर

“ह्या माणसाच्या सहीखाली मी सही करणार नाही,” खिदर म्हणाला आणि पेन टेबलावर ठेवून दिलं.

त्याचं अरबी मला आंतोनकाकांनी मराठीत सांगितलं. आणि वर स्वतःचं जोडलं, “तिसरो दिवस आज. हो काय ऐकूचो नाय गो.”

पंप चालू होता. खिदरच्या समोर महमूद उभा होता. महमूदची शिफ्ट संपली होती, पण खिदर सही करेपर्यंत ती कागदावर संपत नव्हती. आमच्या कामात ह्याला हँडओव्हर म्हणतात. जाणारा ऑपरेटर रजिस्टरमध्ये लिहितो की प्रेशर किती, कुठला व्हॉल्व्ह उघडा, कुठला बंद. येणारा ते तपासून खाली सही करतो. मगच जाणाऱ्याने घरी जायचं.

“मी उभा राहतो,” महमूद म्हणाला. “मला वाट बघायची सवय आहे.”

मी पंपांची ट्रेनिंग इंजिनिअर आहे. आमची कंपनी पाणीपुरवठ्याचे मोठे पंप बाहेरच्या देशांत पाठवते. ते चालवणारी माणसं आधी आमच्या सेंटरवर शिकायला येतात. सेंटर कुडाळहून मालवणकडे येणाऱ्या रस्त्यावर, एका जुन्या काजूच्या बागेत आहे. शेवटी मी सर्टिफिकेटवर सही करते, तेव्हा तिकडे पंप चालू होतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली पहिली मीच. आजा अंगठा लावायचा, बाबा सहीपुरतं नाव लिहितात तेवढंच. त्यामुळे सही कुठे करायची ह्याबाबत मी जरा हट्टी आहे.

ह्या बॅचला चौघे होते. चौघेही उत्तर इराकमधल्या एकाच पंपिंग स्टेशनचे. नदीवर स्टेशन, तिथून एक मोठी लाइन, तिच्यावर तीन गावं. एक गाव अरब सुन्नी मुसलमानांचं, महमूद तिथला. एक कुर्द मुसलमानांचं, तिथला आझाद. तिसरं यझिदींचं. यझिदी म्हणजे तिथला एक जुना, लहान धर्म. खिदर त्यातला. चौथा फिरास, सीरियातून निघून आलेला इलेक्ट्रिशियन. लढाईत स्टेशन मोडलं होतं. लढाई संपून वर्षं झाली तरी तिन्ही गावं टँकरवर होती. नवा पंप जाऊन बसला होता. फक्त चौघांच्या सर्टिफिकेटसाठी थांबला होता.

पहिल्या दिवशीच मी दोन चुका केल्या. फिरासने ओळख करून देताना सांगितलं, “मी सीरियाच्या किनाऱ्यावरचा.” मी म्हटलं, “अरे वा, मीपण किनाऱ्यावरचीच!” कोणीच हसलं नाही. आंतोनकाकांनी नंतर मला बाजूला घेतलं. ते मालवणचेच, पण उमेदीची सगळी वर्षं इराक आणि कुवेतच्या कँपांत स्वयंपाक केलेला. आता आमचं कँटीन बघतात आणि अरबी बोलणारी बॅच आली की माझे दुभाषे होतात. ते म्हणाले, सीरियात किनारा म्हटलं की लोक अलवी पंथ समजतात. जुनी राजवट त्या पंथाच्या माणसाची. ती पडली, आणि आता राग साध्या माणसांवर निघतोय. फिरासने एका वाक्यात जीवावरची गोष्ट सांगितली होती आणि मी त्याला टाळी द्यायला गेले होते.

दुसरी चूक खोल्यांची. खिदर आणि आझाद दोघे घरी कुर्दीच बोलतात, म्हणून मी त्यांना एक खोली दिली. सकाळी बघते तर खिदर व्हरांड्यात चटईवर बसलेला. भाषा एक होती. पण काळे झेंडेवाले अतिरेकी आले त्या दिवशी रक्षण करायला ठेवलेले कुर्द शिपाई न सांगता निघून गेले, असं खिदरच्या गावाचं म्हणणं. खिदरचा भाऊ त्या दिवसापासून सापडलेला नाही. आणि यझिदींची घरं कुठली हे बोट करून दाखवणारे शेजारच्या अरब गावातले होते, असंही तो सांगायचा. शेजारचं अरब गाव म्हणजे महमूदचं.

महमूद म्हणायचा, “माझं घर त्या झेंडेवाल्यांनीच उडवलं. ते गेल्यावर मला माझ्याच गावात दोन वर्षं शिरू दिलं नाही. का? तर मी सुन्नी, म्हणजे मीपण त्यांच्यातला.”

दोघांचंही खरं असावं. ते ठरवणं माझ्या कामात बसत नव्हतं. माझ्या कामात एक सही बसत होती, आणि तीच अडली होती.

त्याच दुपारी क्लायंटची, म्हणजे तिकडे पंप घेणाऱ्यांची, ईमेल आली. चौघांना चार वेगळ्या शिफ्ट द्या. चार रजिस्टरं, व्हॉल्व्हच्या चार चाव्या. एकाने दुसऱ्याच्या वेळेत पंपहाऊसमध्ये पाऊल टाकायचं नाही. हँडओव्हर रद्द.

पुण्याच्या ऑफिसातून सरांचा फोन आला. “क्लायंट मागतोय ते देऊन टाक, शैला. त्यांच्याच सोयीसाठी आहे.”

सोयीसाठी! शाळेत माझ्या अंगाला माशांचा वास येतो म्हणून मला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं होतं, तेव्हा बाईपण हेच म्हणाल्या होत्या. तुझ्याच सोयीसाठी. मी ते वर्षभर ऐकून घेतलं होतं. तेव्हा नऊ वर्षांची होते.

“सर, हँडओव्हरशिवाय लाइन फुटेल.”

“ते नंतर बघतील.”

“मग सर्टिफिकेटवर सही कोणाची?”

“तुझीच.”

“माझी नाही.”

“दुसऱ्या कुणाची घेता येईल. आणि मग तुझ्या जागी दुसरं कुणी आलं, तर ते कायमचंच येईल. विचार कर.”

“केलाय,” म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी चौघांना म्हटलं, “ठीक आहे. आज तुमच्या पद्धतीने. चार रजिस्टरं घ्या.” मला वाटलं होतं, लाइन फुटेल तेव्हा अक्कल येईल. सेंटरवर सरावाची लाइन आहे, तिच्यावर प्रेशर कमी ठेवलं आणि सगळ्यांना लांब उभं केलं.

आझादने आपल्या वेळेत लाइन रिकामी केली. आपल्या रजिस्टरमध्ये नीट लिहिलं, ‘लाइन रिकामी आहे, सावकाश भरा.’ रजिस्टर कपाटात घातलं आणि कुलूप लावून गेला. मागून फिरास आला. त्याच्या रजिस्टरमध्ये काहीच नव्हतं. त्याने पंप चालू केला आणि व्हॉल्व्ह एकदम पूर्ण उघडला.

रिकाम्या पाइपात पाणी असं सोडलं की ते धावत सुटतं. शेवटच्या वळणावर अडतं, आणि एस.टी.ने करकचून ब्रेक मारल्यावर मागचे प्रवासी पुढच्यांवर पडतात तसं मागचं पाणी पुढच्यावर आदळतं. ह्याला वॉटर हॅमर म्हणतात. धाडकन आवाज झाला, वळणावरचा जॉइंट उडाला आणि काजूच्या शेंड्यापर्यंत कारंजं गेलं.

कुणाला लागलं नाही. मी वळून म्हटलं, “बघितलं?”

त्यांनी बघितलं होतं, पण मी दाखवलेलं नव्हे. फिरास पांढराफटक पडून म्हणत होता, “मी मुद्दाम नाही केलं, मी मुद्दाम नाही केलं.” आझाद ओरडत होता, “मी लिहिलं होतं! माझ्यावर घालायला बघतोय!” खिदर आणि महमूद एकमेकांकडे बघत होते. तेव्हा मला कळलं की तिकडे हा जॉइंट फुटला असता तर त्याला बिघाड कुणी म्हटलंच नसतं. हल्ला म्हटलं असतं. आणि उलट हल्ला केला असता. माझा धडा अगदी बरोबर शिकवला गेला होता आणि काही उपयोगाचा नव्हता.

रविवारी आंतोनकाका म्हणाले, “ह्यांका तारकर्लेक व्हर. जरा मासे खावंदेत. तोंडां बघ कशी झाली हत.”

बाबा तारकर्लीला रापण ओढतात. रापण म्हणजे होडीने समुद्रात अर्धगोल टाकलेलं लांबच लांब जाळं, ज्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावरून दोन टोळ्या ओढतात. चौघांनी हात लावला. अर्थात दोन दोन करून, दोन वेगळ्या टोकांना.

जाळं आलं. बांगडे, थोडे पेडवे. मग वाटे घालायला सुरुवात झाली. वाळूवर सारखे ढीग मांडायचे. एक माणूस समुद्राकडे तोंड करून, ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एकेका ढिगावर बोट ठेवून विचारतो, “ह्यो वाटो कोणाचो?” पाठमोरा माणूस मनाला येईल ते नाव घेतो. तो ढीग त्याचा. वाद नाही.

त्या दिवशी पाठमोरे बाबा होते. बोट ठेवणारा आमचा शेजारी, ज्याच्याशी बाबांचं माडाच्या हद्दीवरून माझ्या लहानपणापासून बोलणं नाही. वाट्यांपुरतं तेवढं बोलतात.

खिदर टक लावून बघत होता. त्याने आंतोनकाकांना विचारलं, हे दोघे मित्र आहेत का?

बाबा हसत सुटले. “मित्र? माज्या दारात तो पाय ठेवणा नाय. मेलो तरी येवचो नाय, आणि येव नये.”

“मग त्याला का घेता?”

“दोर एकट्यान वडूक जमता काय रे? आणि तो आसा म्हणानच तर पाठ फिरवतंव. दोस्त असतो तर कित्याक फिरवली असती?”

शेजारी तिकडून बाबांकडे न बघता म्हणाला, “सांग तुज्या पावण्यांका, हेनी एकदा मान वळवन बघल्यान हुता. माका म्हायत आसा.”

“खोटा बोलता तो!” बाबा. “एकदाच!”

आंतोनकाकांनी हे सगळं अरबीत सांगितलं. महमूद हसला. खिदर हसला नाही, पण गाडीत तो माझ्या मागच्या सीटवर बसून बराच वेळ काहीतरी पुटपुटत होता. मालवण मागे पडल्यावर त्याने माझ्या खांद्याला पेनाने टोचलं. “मॅडम, वाचणारा वेगळा आणि लिहिणारा वेगळा केला तर?”

सोमवारी आम्ही रजिस्टर आडवं धरलं. सहीखाली सही नको ना? मग शेजारी शेजारी. जाणारा मीटरसमोर उभा राहून आकडा मोठ्याने वाचणार. येणारा मीटरकडे पाठ करून लिहिणार. मग जागा बदलायच्या. आता येणारा वाचणार, जाणारा पाठ फिरवून लिहिणार. दोन्ही रकाने जुळले तर सह्या. नाही जुळले तर दोघांनी वळून एकदम बघायचं.

महमूदने वाचलं, “पाच पूर्णांक आठ.” खिदरने लिहिलं. जागा बदलल्या. खिदर मीटरसमोर गेला आणि म्हणाला, “सहा पूर्णांक चार.”

महमूद काही न लिहिता वळला. काटा पाच पूर्णांक आठवरच होता.

आंतोनकाका माझ्या कानात म्हणाले, “सायबा, आता मारामारी.”

“मी बघत होतो,” खिदर म्हणाला, “तू डोळे मिटून लिहितोस का ते.”

महमूदने मिशीवरून हात फिरवला. “उद्या मीपण हेच करणार होतो,” तो म्हणाला. “तू आधी केलंस.”

दोघांनी सह्या केल्या. हस्तांदोलन वगैरे काही झालं नाही. महमूद जेवायला गेला.

शेवटच्या आठवड्यात क्लायंटच्या साहेबाचा व्हिडिओ कॉल झाला. एका चौकोनात सर, एकात तो, आणि इकडे आम्ही. साहेब इंग्रजीत म्हणाला, “मॅडम, तुम्हाला आमच्या देशातलं काय कळतं?”

“काही नाही,” मी म्हटलं. “पाण्याचं कळतं. लाइन एक आहे, म्हणून रजिस्टर एकच राहील, चावी एकच राहील. चार पाहिजे असतील तर नदीपासून चार लाइन टाका. मी चौघांना वेगवेगळी सर्टिफिकेट देईन.”

“शैला,” सर मधेच म्हणाले.

“ही माणसं एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत!” साहेब म्हणाला.

तेवढ्यात खिदर उठून कॅमेऱ्यासमोर आला. तो अरबीत बोलला, आंतोनकाकांनी मला सांगितलं. “माझा महमूदवर विश्वास नाही. उद्याही नसेल. म्हणूनच मला त्याच्या रजिस्टरमध्ये काय आहे ते बघायचंय. वेगळं दिलंत तर मला झोप लागणार नाही.”

मागून महमूद म्हणाला, “मलाही.”

साहेबाने काहीतरी टिपून घेतलं. मग म्हणाला, चाचणी म्हणून बघू. मी त्या दिवशीच चारही सर्टिफिकेटांवर सही केली, साहेबाचं मन बदलायच्या आत.

वर्षाच्या शेवटी माझ्या अप्रेझलमध्ये सरांनी लिहिलं, ‘क्लायंटशी बोलण्यात सुधारणा हवी.’ नोकरी राहिली. ते वाक्यही राहू दिलंय, बदलून मागितलेलं नाही.

मधे फिरासने रजिस्टरच्या एका पानाचा फोटो पाठवला. शेजारी शेजारी सह्या. एका ओळीत आकडे जुळलेले नव्हते, ते खोडून पुन्हा लिहिले होते आणि खोडल्यावरही दोघांच्या सह्या होत्या, खिदरची आणि महमूदची. खाली त्याने लिहिलं होतं, दोघे अजून एकमेकांना सलाम करत नाहीत.

तो फोटो मी बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून मोबाइल लांब धरला. अक्षर त्यांना कुठलंच वाचता आलं नाही, पण खोडलेली ओळ दिसली.

“हेनी मान वळवन बघल्यान वाटता,” बाबा म्हणाले. “पाणी येता मां?”

“येता,” मी म्हटलं. “तिन्ही गावांक.”

नव्या बॅचला मी हल्ली पहिल्याच दिवशी सांगते. एकमेकांवर विश्वास असेल तर चांगलंच आहे. नसेल तर रजिस्टर भरा, ते त्यासाठीच छापलंय.