दातवाला हिरव्या पट्टीवर उतरतो

कवळ्या घडवणाऱ्या कारखान्यातून दंतवैद्यांकडे दात पोचवणारा माणूस तो. सगळे त्याला दातवालाच म्हणत. सत्तावीस वर्षं त्याच्या सायकलच्या पेटीतून परक्यांचं हसू शहरभर हिंडलं. त्याचे स्वतःचे पुढचे दोन दात मात्र कधीच पडले होते, आणि तिकडे बघायला त्याला सवड नव्हती.

कच्ची कवळी मेणाची असते. हिसक्याने मेणातला दात केसभर सरकला, तरी सगळं काम पहिल्यापासून. म्हणून तो गुळगुळीत मोठ्या रस्त्याने, बसगाड्यांच्या कुशीला लागून, सावकाश जाई. सायकलींसाठी आखलेली हिरवी पट्टी शेजारीच होती. तिच्यावर तो चाक घालत नसे.

एकदा बसचा आरसा त्याच्या खांद्याला लागला. दवाखान्यात परिचारिका असलेली लेक मलम चोळताना म्हणाली, "बाबा, उद्यापासून पट्टीवरून जायचं. नाहीतर सायकल विकून टाकते."

"अगं, तिथं दर इमारतीच्या फाटकापुढं चढउतार आहे."

"लोकांच्या दातांची काळजी, स्वतःच्या हाडांची नाही."

"हाडं माझी आहेत. दात लोकांचे."

"मग उद्या मीच नेते. बघू कुठलं आभाळ कोसळतंय."

सकाळी तिने त्याच्या सायकलला पेटी पुढे करकचून बांधली आणि पट्टीवरून निघाली. तो तिची सायकल घेऊन मागे. दर फाटकापाशी पट्टी खाली उतरे, पुन्हा वर चढे, आणि चाक खाडकन आदळे. एका दुकानापाशी उभ्या मोटारीचं दार अचानक उघडलं. तिने ब्रेक आवळले. दार गुडघ्याला घासून गेलं.

दंतवैद्य बाईंनी पेटी उघडली. पुढचा दात शेजाऱ्याशी भांडण झाल्यासारखा तोंड फिरवून बसला होता.

"ही कवळी ज्यांची, ते आजोबा बाहेर थांबलेत," बाई म्हणाल्या. "आता आणखी आठ दिवस."

लेक स्वतः त्यांना सांगायला गेली. म्हातारा बोळक्या तोंडाने म्हणाला, "असू दे पोरी. चावायची घाई आता उरली कुठं?"

बाहेर आल्यावर तिने रिकामी पेटी बांधून त्याची सायकल त्याच्या हातात दिली.

"पेटी भरलेली असेल तेव्हा रस्त्याने जा," ती म्हणाली. "गर्दी टाळून. रिकामी असेल तेव्हा पट्टीवरून."

"आणि दारं उघडली तर?"

"तेव्हा ब्रेक मारायचा. तुम्ही काही मेणाचे नाही."

तो पट्टीवर उतरला. दर फाटकाला खाली, दर फाटकाला वर. शेजारून बसगाड्या सरसर जात होत्या. लेक मागून येत होती, म्हणून त्याने तिकडे मान वळवली नाही.