मोरीपाशी अकरा पणत्या

कुलूप लागताना होणारा आवाज दोन तुकड्यांचा असतो. आधी किल्ली फिरताना लोखंडावर लोखंडाचा कोरडा खरखराट, आणि मग आत कुठेतरी जीभ बसल्याचा ठाम खटका. त्या दोन आवाजांच्या मध्ये केसाएवढी फट असते. त्या दिवशी त्या फटीतून मला तिळीचे ओरडणे ऐकू आले, आणि तरीही मी किल्ली पुरती फिरवली. आज इतकी वर्षे झाली. लोणारातल्या आमच्या घराला आता दारही नवे आहे आणि कुलूपही. पण कोणाच्या दाराला कुलूप लागताना मी जवळ असले की माझी मान आपोआप दुसरीकडे वळते. हा अनुभव मी देवीच्या कृपेचा म्हणून लिहीत आहे. परंतु त्याची सुरुवात भक्तीने झाली नाही, रागाने झाली, आणि त्यातला बराचसा राग अजून माझ्यापाशी आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

तिळी ही आमची मांजर. भाजलेल्या तिळाच्या रंगाची. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पिठाच्या कोठीमागे तिला तीन पिले झाली, आणि त्याच दिवशी मानमोडी आमच्या गल्लीत शिरली. मान धरून कोणी पिरगाळावी तसे दुखणे, अंगाची लाही करणारा ताप, कोरडा खोकला, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगणात तिरडी. पाऊस त्या साली पाठ फिरवून गेला होता. सरोवर आटत आत सरले होते, काठावर खाराचा पांढरा थर चढला होता, आणि कधी नव्हे तो त्या पाण्याचा सडका, तिखट वास कडा चढून घराघरांत येत होता. आमच्या मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तरुणपणी पिलेग पाहिला होता. त्यात त्यांचे दोन्ही भाऊ घरात राहिले आणि गेले. मामाजी शेतातल्या खोपीत जाऊन राहिले आणि वाचले. त्या साथीने त्यांना जे शिकवले ते त्यांच्या हाडांत बसले होते: घर सोडा, मोऱ्या बुजवा, उंदराला शिवू नका आणि उंदीर खाणाऱ्या जनावराला तर मुळीच नका. या खेपेला गावात एकही उंदीर मेलेला नव्हता. मला ते दिसत होते. मी ते ओठावर आणले नाही. मोरीचे तोंड मीच चिखलाने लिंपले.

गाडी दारात उभी होती. गाय आणि वासरू मागे बांधलेले, कुत्रा गाडीखाली, सासूबाई बोचक्यांवर बसलेल्या, आणि हे बैलांच्या कासऱ्याशी. ज्याचा ज्याचा उपयोग होता तो तो जीव निघाला होता. मी किल्ली कुलपात घातली आणि आतून तिळीने साद घातली. माझे वडील शाळामास्तर; त्यांनी मला लहानपणी वृत्ते शिकवली होती, त्यामुळे कोणताही आवाज लघुगुरूत ऐकण्याची मला खोड आहे. दोन गुरू, एक लघु. पुन्हा दोन गुरू, एक लघु.

“मामाजी, तिळी आत राहिली,” मी म्हणाले.

“राहू दे. उंदरं खाणारं जनावर सोबत नेतं का कोणी? पिलेगात याच्यानंच घरं बसली.”

“पिलं आहेत तिची.”

त्यांनी गाडीकडे हात केला. “माहं पिलू त्या गाडीपाशी उभं हाय.”

सासूबाई वरून म्हणाल्या, “लाव वं बाई कुलूप, ऊन चढून राह्यलं.” मी यांच्याकडे पाहिले. हे बैलाच्या वशिंडावरची माशी हाकलत होते. मग मी किल्ली फिरवली, आणि मामाजींनी ती माझ्या हातून घेऊन आपल्या करदोड्याला बांधली.

आमचे शेत सुलतानपूरच्या वाटेवर. गाडीचा आस वाटभर कुरकुरत होता, दोन गुरू, एक लघु. चार माणसे एका खोपीत, एकाचा उच्छ्वास तोच दुसऱ्याचा श्वास. आणि मामाजी रोज सकाळी खोपीभोवती उंदराची बिळे शोधत. रोग बिळातून यायचा नव्हता. तो आमच्याबरोबर गाडीत बसून आला होता. तिसऱ्या दिवशी हे तापाने पडले, पाचव्या दिवशी सासूबाई. मी पेज करीत होते, कपाळावर पट्ट्या ठेवीत होते, आणि मनात सतत एका बंद घराची अंधारी मोरी होती. मामाजींकडे मी दोनदा किल्ली मागितली. पहिल्यांदा ते म्हणाले, “इथं माणसं मरून राह्यली अन् तुले मांजर सुचते?” दुसऱ्यांदा ते करदोडा मुठीत धरून बिळे पाहायला निघून गेले. मला वाटले, कुलूप फोडायला जावे. आणि वाटले, यांचे काही बरेवाईट झाले तर मी मांजरीसाठी गेले होते असे जन्मभर ऐकावे लागेल. या भयाला मी तेव्हा आज्ञाधारकपणा म्हणत होते. लहानपणापासून मला हेच शिकवलेले होते की, जे होते ते देवीच्या इच्छेने होते, आपण मान खाली घालावी. मान खाली घालून घालून माझ्या दातांत दात रुतले होते.

आठव्या दिवशी सासूबाई गेल्या. जाण्याआधी त्यांनी उशाचे गाठोडे माझ्याकडे सरकवले. खण, तांदूळ, नारळ. “देवीची ओटी राह्यली वं माही. तू भरजो.” त्यांचा हात किती हलका झाला होता! मी हो म्हटले, आणि मनात म्हटले, जिने तुम्हाला राखले नाही तिची ओटी मी भरू?

दहाव्या दिवशी मामाजींना ताप भरला. अकराव्या दिवशी पहाटेपासून ते कानांवर हात दाबून कुशी बदलत होते.

“ते मांजर काऊन वरडून राह्यलं बे? कोणी दूध तरी द्या त्याले.”

“इथं मांजर नाही, मामाजी.”

“हाय. तूच कोंडलं त्याले.”

तोंडाशी आलेले शब्द जिभेवर भाजत होते. त्यांनी करदोडा चाचपला, गाठ सुटेना, तेव्हा दोरा तोडला आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. ती तापलेली होती. हे उठून बसू लागले होते. भिंतीला टेकून ते एवढेच म्हणाले, “जा. मी पाहतो यांच्याकडं.” अकरा दिवसांत त्यांनी माझ्या बाजूने उच्चारलेले ते पहिले शब्द.

गावात शिरण्याआधी माझे पाय आपोआप कड्याकडे वळले. खाली, झाडीच्या आणि पांढऱ्या खाराच्या मधोमध, देवीचे देऊळ मुठीएवढे दिसत होते. ओटीचे गाठोडे माझ्या काखेत होते. मी उतरले नाही. कड्यावर उभी राहून मी तिला मोठ्याने बोलले. त्या दिवसांत ऐकायला वाटेवर होते तरी कोण? मी म्हणाले, तुला डोळे बसवले, नथ घातली, पण कान कोणी दिले नाहीत का? एक बाई तुझे नाव घेत गेली. एक मुका जीव भिंतीआड ओरडून ओरडून संपला असेल. तू बहिरी आहेस, आणि तुझ्या पायाशी बसून आम्हीही बहिऱ्या झालो. माझा आवाज त्या खोल वाटीत पडला आणि पाण्यापर्यंत पोचण्याआधीच विरला. पलीकडच्या काठावरून एक मोर ओरडला, बस्स.

गल्ली ओस होती. कुलूप उघडताना तेच दोन आवाज उलट्या क्रमाने आले. मी पदर नाकातोंडावर घट्ट धरला, कारण आत कोणता वास असेल ते मला ठाऊक होते. दार ढकलले. वास आला तो आंबलेल्या दुधाचा.

डोळे अंधाराला सरावेपर्यंत मला काही कळेना. मग मोरीच्या दगडावर दिसल्या पणत्या. कोऱ्या, तांबड्या, वात न लागलेल्या. काही एकमेकींना टेकलेल्या, एक पालथी, एकीत पाण्याचा घोट, बाकीच्यांत सुकलेल्या दुधाची पांढरी कड. मी मोजल्या. दहा. मोरीच्या तोंडाला लावलेला माझा चिखल नव्हता. त्या जेमतेम पणतीपुरत्या, हातभर खोल भोकातून उजेडाची एक काठी आत आली होती. आणि मी पाहत असतानाच त्या उजेडात काहीतरी हलले. एका काटकीच्या टोकाने ढकलली जात, दगडाला घासत, हळूहळू, दूध हिंदकळू न देता, अकरावी पणती आत आली.

“कोण आहे?” मी ओरडले.

बाहेर काटकी पडल्याचा आवाज झाला. “अगं माय! मांजर बोलाले लागलं का काय!”

तो आवाज मी ओळखला. मागच्या गल्लीतली कुंभारीण, गिरजामाय. दरवर्षी दिवाळीला तिच्याकडूनच आम्ही पणत्या घेत असू. शेत असलेले सगळे गाव शेतात गेले होते. जिला शेतच नव्हते ती गावात राहिली होती. मी धावत मागे गेले. ती भिंतीशी उकिडवी बसून हसत होती, आणि मला पाहून हसताहसता खोकली. कपाळ मोकळे होते. माझी नजर तिथे अडखळलेली तिने पाहिली.

“म्हातारा गेला,” ती म्हणाली. “त्याच्यासाठी शेळी ठेवली व्हती. आता शेळीले कोण सांगते, दूध नोको देऊ म्हणून?”

मी म्हणाले, कुलूप का नाही फोडलेस?

“तुमचं कुलूप! फोडलं असतं तं आल्याबरोबर चोर म्हटलं असतं तुम्ही.” तिने मोरीच्या कडेवरून बोट फिरवले. “अन् हे लिंपण तू केलं का वं? शेण नाही, भुसा नाही. कुंभारणीच्या दारामागं असं लिंपाव का? बोट लावलं अन् पडलं.”

माझ्या त्या अडाणीपणाचे मी आजवर देवापुढे जितके आभार मानले तितके दुसऱ्या कशाचेही मानलेले नाहीत.

आत आले तेव्हा तिळी कोठीवर बसली होती. बरगड्या मोजाव्यात अशी. ती माझ्याकडे धावली नाही. तिने नुसते पाहिले, आणि ते पाहणे मी विसरले नाही. मी आजाऱ्यांतून आले होते. माझे हात तिला लावायचे मला भय वाटले. फळीवरच्या मडक्यात सरोवराचा खार होता. त्याने मी कोपरापर्यंत हात धुतले, कातडी चरचरेपर्यंत धुतले, पदर तोंडाला बांधला, आणि मग पिले उचलली. दोघांचे डोळे नुकते किलकिले झाले होते, निळसर, पाण्याखालच्या दिव्यासारखे. तिसरे कोठीमागे वाळून गेले होते. त्याला मी परसात पुरले. कृपा आली तेव्हाही तिघांपैकी एकापर्यंत पोचली नाही, हे मी इथे गाळणार नाही.

डालग्यात घालून त्यांना मी शेतात आणले. दुपार झाली होती. मामाजींचा ताप उतरला होता, अंग घामाने भिजले होते. डालगे मी मुद्दाम त्यांच्या समोर नेले. मला त्यांना दाखवायचे होते. ती हाडे दाखवायची होती, आणि मग कुलूप लावताना गिळलेले सगळे बोलायचे होते. त्यांनी मान वर केली, तिळीकडे बराच वेळ पाहिले, आणि उपरण्याचे टोक तोंडावर धरून भिंतीकडे सरकले.

“दूर ठेव तिले,” ते म्हणाले. “माहा खोकला लागंन.”

डालगे मी खोपीबाहेर, लिंबाखाली ठेवले. पुढे महिनाभर आमच्या खोपीत नियमच झाला: ज्याला खोकला त्याने मांजरीला शिवायचे नाही, तिची वाटी वेगळी, तिला दूध घालणारीने आधी खाराने हात धुवायचे. नियम मामाजींनी घातला आणि तो सर्वांत कसोशीने त्यांनीच पाळला.

कार्तिक सरताना आम्ही गावात परतलो. साथ ओसरली होती. परतल्यावर पहिल्या सकाळी मी ओटीचे गाठोडे घेऊन निघाले, ते कड्याकडे नव्हे, मागच्या गल्लीत. गिरजामाय चाकापाशी माती मळत होती. मी खण उलगडला, तांदूळ ओंजळीत घेतले, तेव्हा ती एकदम मागे सरकली.

“येडी झाली का वं? बिनकुकवाच्या बाईची ओटी भरतं का कोणी?”

“मी भरते,” मी म्हणाले. माझ्या आवाजात अजून राग होता. तो तिच्यावर नव्हता, आणि ते तिला कळले असावे. कारण तिने चिखलाचे हात लुगड्याला पुसले आणि पदर पुढे केला.

शरण जाणे आणि गप्प बसणे यांतला फरक मला त्या वर्षाआधी माहीत नव्हता. मी मान तुकवली ती माणसाच्या धाकापुढे, आणि नाव मात्र देवीचे घेतले. देवीला बहिरी म्हणणारी मी. तिने माझ्यावर राग धरला नाही. माझा राग कड्याखाली पडत होता तेव्हा गावात एक पणती आधीच भरली गेली होती. तरीही त्या सकाळी मला काहीतरी मोठे ऐकायचे होते. देवीने दृष्टांत दिला, लाल लुगड्यातली कोणी बाई स्वप्नात येऊन म्हणाली, मोरी उघड, असे काहीतरी. मी गिरजामायला तसे विचारलेही.

“सपनं पडाले झोप तं लागली पायजे,” ती म्हणाली.

“मग तुला कोणी सांगितलं?”

तिने मान हलवली. कोणी नाही.

“तुझं माणूस मरणाच्या दारात, तू स्वतः खोकत होतीस, आणि आमच्या मांजरीसाठी रोज एक नवी पणती. का केलंस, माय?”

गिरजामायने मातीचा गोळा चाकावर ठेवला, आणि प्रश्नच न समजल्यासारखी माझ्याकडे पाहत म्हणाली,

“आयकलं.”