मांडीवरचा कीबोर्ड

मालवणात माझ्या नवऱ्याचं टायपिंगचं दुकान होतं. पक्षाघातानंतर त्याला खाटेवरून उठता येईना, म्हणून मी तिथला कॉम्प्युटर घरी आणला. कीबोर्डची वायर खाटेपर्यंत पोचत नव्हती. मग बाजारातून वायरलेस कीबोर्ड आणून त्याच्या मांडीवर ठेवला.

तो स्वतःचं नाव टाईप करू लागला. एकच अक्षर ओळभर उमटत गेलं. शेवटी मीच त्याचं बोट उचललं.

"माका अक्षरां दिसतत गो," तो म्हणाला, "पण बोट खंय पडता ता कळणा नाय."

"सवयीन जमतला," मी म्हटलं.

त्याने भिंतीकडे मान फिरवली. पुन्हा कधी त्याने कीबोर्ड मागितला नाही. पुढच्या महिन्यात मी दुकानाची चावी जागेच्या मालकाला परत दिली.