अण्णांना यंत्रात भरताना

जगात कुणालाही कशासाठीही तयार करता येतं, फक्त आमच्या शाळेच्या बसवाल्या अण्णांना कशासाठीच तयार करता येत नाही, हे मी आता शपथेवर सांगू शकते. निपाणीतल्या आमच्या शाळेची कचेरी मी सांभाळते. एप्रिलात संस्थेनं ठरवलं, की कुठली बस कुठल्या रस्त्यानं जाणार आणि कुणाला आधी सोडणार, हे येत्या वर्षापासून एआय ठरवेल. बसखात्याची तयारी करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. बसखातं म्हणजे सहा बस, पाच ड्रायव्हर आणि अण्णा. अण्णा सहावी बस हातानं चालवत आणि बाकीच्या पाच डोक्यात. मी नेहमीप्रमाणे यादी केली, एकोणीस कलमांची. सतरा कलमं आठवड्यात संपली. उरलेली दोन्ही अण्णाच होते.

यंत्राला प्रत्येक थांब्याचं नाव हवं होतं, आणि अण्णांच्या थांब्यांना नावं नव्हती, माणसं होती. ‘दम्याचं म्हातारं’, ‘रुसकी जुळी’, ‘दोन म्हशी’. दोन म्हशी विकून चार वर्षं झाली असं ड्रायव्हरांनीच सांगितलं, तेव्हा अण्णा म्हणाले, मग थांबा काय विकला व्हय? प्रत्येक थांब्याचा हॉर्नही वेगळा. जुळ्यांना दोन आखूड, म्हाताऱ्याच्या नातवाला एक लांब, पण हळू, म्हातारं दचकतं म्हणून. एकदा अण्णा तापानं पडले आणि बदली ड्रायव्हरनं सगळीकडे सारखाच हॉर्न वाजवला, तर त्या दिवशी निम्मी पोरं घरातच बसून राहिली. मोबाइल ते डब्याच्या पिशवीत, भाकरीशेजारी ठेवत, कारण खिशात तो तापतो. त्यामुळे त्यांना फोन केला की उचलला जायचा तो थेट जेवणाच्या सुट्टीत.

शिकवायला यंत्र पुरवणाऱ्या कंपनीचे एक गृहस्थ बेळगावहून आले, अनगोळचे, शांत स्वभावाचे. दुपारपर्यंत तो स्वभाव टिकला. त्यांनी पडद्यावर रस्ता दाखवून विचारलं, चिकोडी रस्त्याच्या आतली ही मळ्यातली वस्ती सगळ्यात लांब, मग संध्याकाळी सगळ्यात आधी तिकडे का जाता? अण्णा म्हणाले, “लांब हाय म्हणून.” गृहस्थांनी लॅपटॉप मिटला आणि चहा मागितला. ‘कारण’ या रकान्यात मी लिहिलं, सवय.

शाळा सुरू झाली. मोबाइल आता अण्णांच्या समोर काचेला लटकू लागला आणि त्यातली बाई रस्ता सांगू लागली. अण्णा तिला आक्का म्हणत. डावीकडे वळा म्हटलं की, वळतो गं आक्का, उसाचा ट्रॅक्टर तरी जाऊ दे, असं उत्तर मिळे. एकदा तिनं ओढ्यावरच्या वाहून गेलेल्या फरशीपुलावरून जायला सांगितलं, तेव्हा त्यांनी बस थांबवून तिला सगळा प्रकार समजावून सांगितला, आधी मराठीत, मग कन्नडमध्ये. मुलं पोट धरून हसली. मला हसू आलं नाही. अण्णांचं निवृत्तीचं वय केव्हाच होऊन गेलं होतं, ते मुदतवाढीवर होते. दिवाळीपर्यंत यंत्र सुरळीत चाललं तर पुढची मुदतवाढ नाही, असं मला स्पष्ट सांगण्यात आलं होतं, आणि सुरळीत चाललं की नाही याचा अहवाल मीच द्यायचा होता. अण्णांना हे ठाऊक होतं. बायको गेल्यापासून हा माणूस रविवारीसुद्धा येऊन बस पुसत बसायचा.

गणपती गेले, दिवस आखडायला लागला, आणि माझ्या पडद्यावर अण्णांच्या बसपुढे रोज संध्याकाळी लाल खूण उमटू लागली. यंत्रानं ती लांबची वस्ती शेवटी टाकली होती; दिवस मोठा होता तोवर अण्णांनी ते चालवून घेतलं, आणि आता आक्काचं न ऐकता ते आधी तिकडेच जात होते. आठ दिवस आठ खुणा झाल्यावर मी त्यांना बोलावलं आणि जरा कडकच विचारलं.

“जैनांची वस्ती हाय ती, बाई,” अण्णा म्हणाले. “चातुर्मास चाललाय. सहावीतल्या पोरीनं आजीबरोबर नेम धरलाय. दिवस मावळायच्या आत पोचली न्हाय, तर रातभर उपाशी ऱ्हाती. दरसाली कोण ना कोण असतंयच तिथं.”

“मग हे एप्रिलात का नाही सांगितलंत?”

“तुम्ही रस्ता इचारला. पोरांचं कुणी इचारलंच न्हाय.”

मी कंपनीला फोन लावला. मनातून वाटत होतं, की यंत्राला हे जमणार नाही असं त्यांनी म्हणावं. ते म्हणाले, अगदी सोपं आहे, आणि दोन मिनिटांत वेळेची अट घातली. दुसऱ्या दिवसापासून आक्का स्वतःच अण्णांना आधी वस्तीकडे धाडू लागली. लाल खुणा संपल्या. तेव्हा मला कळलं मी काय करत होते. अण्णांकडून शहाणपणाची एकेक गोष्ट काढून घ्यायची, यंत्रात घालायची, आणि तेवढे अण्णा कमी करायचे. हे यंत्रात घालायचं मी थांबवू का, असं मी त्यांना एकदा विचारलं. ते म्हणाले, “घाला की. माझ्या मागं पोरगी उपाशी न्हाय ऱ्हायली म्हंजे झालं.” मग दर शनिवारी ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. कुणाला वळणावर उलटी होते, कुणाच्या आईची कामावरची पाळी कधी सुटते, कोण खिडकी दिली नाही तर रडतं. एकशे बारा कलमं झाली. अहवालात मी खरं तेच लिहिलं, की तक्रार नाही.

दिवाळीनंतर अण्णा आले नाहीत. मी त्यांच्या घरी गेले आणि विचारलं, अजून काही सांगायचं राहिलंय का. त्यांनी खूप विचार केला. “लई ऱ्हायलंय,” म्हणाले, “पण असं बसून न्हाय आठवत. रस्त्यावर आलं की आठवतंय.”

शाळेच्या बसमध्ये बाहेरच्या माणसाला बसायची परवानगी नाही. म्हणून रविवारी मी त्यांना माझ्या स्कूटरवर मागं बसवलं आणि चिकोडी रस्त्याला लागले. गाव मागं पडलं तसे अण्णा बोलायला लागले, हे घर, ते झाड, ती पायवाट, एकामागून एक, न थांबता. माझे दोन्ही हात हँडलवर होते. लिहून काहीच घेता आलं नाही. मी नुसती स्कूटर हळू चालवत राहिले.