आधी कोणी वाकायचं

मॅडमनी वॉशिंग मशीनचं झाकण उघडलं आणि आत बघत राहिल्या. आत तीन पांढरे ड्रेस होते. तायक्वांदोचे. एक त्यांच्या धाकट्या मुलीचा, लहान. दोन मोठे, एकाच मापाचे. त्यातला एक त्यांच्या मुलाचा, एक माझा.

"यातला तुझा कुठला?"

मी वाकून पाहिलं. ओले, पिळलेले, सारखेच पांढरे. पट्ट्यांवरून ओळखता आलं असतं, पण पट्टे धुवायचे नसतात, ते बाहेर दोरीवर होते. मलाही सांगता येईना.

"दोन्ही घेऊन जा," त्या म्हणाल्या. "आणि मशीन आधी रिकामं फिरव. दोनदा. गरम पाण्यावर."

मी दोन्ही ड्रेस उचलले. मशीन दोनदा रिकामं फिरवलं. मुलासाठी त्याच संध्याकाळी नवा ड्रेस आला.

शारजातला व्हिला होता तो. संगमरवरी फरशी, खोलीखोलीत एसी. मी त्यांचा ड्रायव्हर. त्यांची भाजी मी आणायचो, दूध मी आणायचो, त्यांच्या लेकीचा शाळेचा डबा माझ्या हातातून जायचा. त्याला विटाळ नव्हता. माझा घाम त्यांच्या पोराच्या घामात मिसळला की मात्र विटाळ. समुद्र ओलांडून आली होती ही जातीची बया, आणि तीही व्हिसा न काढता.

पहिले आठ महिने मी पाहुण्यांसमोर "आमच्याकडचाच मुलगा" होतो. मग एप्रिल आला आणि मी जयंतीसाठी अर्धा दिवस सुट्टी मागितली. साहेबांनी माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाले, "अच्छा. तुम्ही ते का." दुसऱ्या दिवसापासून माझा चहाचा मग खिडकीत वेगळा. मूग गिळून बसायची सवय आम्हाला घरातूनच लागते.

नव्वदीच्या दशकातली ही गोष्ट. साहेब मसाल्याचे व्यापारी, कारखाना हमरियाला, गोडाऊन शारजात. गोडाऊनच्या वरचा हॉल त्यांनी एका कोरियन मास्टरला क्लाससाठी दिला होता. पोरांना मी तिथे सोडायचो आणि चपलांच्या फळीजवळ बसून राहायचो. मुलगा सतरा वर्षांचा, माझ्याच उंचीचा. क्लासमध्ये बाकी सगळी चिल्लीपिल्ली. एक दिवस मास्टरने माझ्याकडे बोट केलं.

"तुम. सेम साइज. आओ."

साहेबांनी परवानगी दिली. का देणार नाहीत? पोराला लाथा मारायला कोणीतरी हवंच होतं, आणि हा तर घरचाच, पगारी.

पहिल्या दिवशी मास्टर माझ्यासमोर उभा राहिला. पन्नाशीचा माणूस, गुडघे गेलेले, पण पाठ ताठ. कमरेतून वाकला. माझ्यापुढे. मी दचकून मागे सरकलो. "नियम," तो म्हणाला. "मैं झुकेगा, तुम झुकेगा. फिर फाइट."

माझा आजा गावात पाटलापुढे जोहार घालायचा. पाटील मान हलवायचा, तीही मनात आलं तर. बाप वाकला, मीही वाकलो. पण आमच्यापुढे वाकलेला मोठा माणूस आमच्या घरात कोणी कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी गाडीत बसून मी रडलो. सांगायला लाज कसली.

मुलगा मात्र वाकायचा नाही. मास्टर हुकूम द्यायचा, मी वाकायचो, तो सरळ उभा. "ही इज अवर ड्रायव्हर," तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता. मास्टरने ऐकलं आणि दुसरीकडे पाहिलं. हॉल साहेबांचा होता ना.

मास्टरवर माझा जीव होता. म्हणून त्याचंही सांगतो, जसं आहे तसं.

गाव समुद्राकाठचं. बाप लढाईत गेला, आईने मासे वाळवून विकले आणि पोरं वाढवली. हा सैन्यात तायक्वांदो शिकला, मग इतरांना शिकवायला लागला. एका प्रदर्शनात पिक्चरवाल्यांनी त्याला पाहिलं आणि हाँगकाँगला नेलं. एका उडीत तीन लाथा मारणारा माणूस. पण म्हणाले, चेहरा हिरोचा नाही. मग बारा वर्षं व्हिलन. पोस्टरवर नाव दुसरंच, चिनी. भाषा येत नव्हती म्हणून आवाजही भाड्याचा. इतक्या पिक्चरमध्ये हा माणूस ओरडला, हसला, मेला, पण त्याचा स्वतःचा आवाज एकातही नाही.

शारजातल्याच रोला भागातल्या व्हिडिओ लायब्ररीत मला त्याची एक जुनी कॅसेट सापडली. एका शुक्रवारी दुपारी आम्ही दोघांनी हॉलच्या केबिनमध्ये बसून ती पाहिली. पडद्यावर तरुण मास्टर, केस मानेपर्यंत. हिरोने दोन लाथांत त्याला लोळवला.

मी म्हणालो, "सर, ये आदमी तो आपको छू भी नहीं सकता."

तो हसला. "ये? बेल्ट मैं बांधता था इसका."

मग त्याने पुढचे चार दात काढून तळहातावर ठेवले. कवळी होती. त्या हिरोने एकदा खरीच लाथ मारली होती, तोंडावर. हिरोच्या पायाला खरचटलं. दिग्दर्शक म्हणाला, हिरोची माफी माग. तोंडातून रक्त येत असताना मास्टर वाकला आणि माफी मागितली.

"मैं झुका," तो म्हणाला. "फिर दस पिक्चर और मिला. खाना मिला."

हे सांगताना त्याला लाज वाटत होती की अभिमान, मला तेव्हा कळलं नाही. दात परत बसवून त्याने कॅसेट बंद केली.

तीनेक वर्षांत मी ब्लॅक बेल्टच्या परीक्षेपर्यंत पोहोचलो. मास्टरला हाताखाली शिकवणारा हवा होता. व्हिसा मी देतो म्हणाला. पण तेव्हा तिकडे नोकरी बदलायची तर जुन्या मालकाची ना हरकत लागायची. एनओसी. मालकाने सही दिली नाही की खलास. व्हिसा रद्द आणि थेट गावाचं विमान. मी हात जोडून साहेबांना विचारलं. ते लगेच हो म्हणाले. एवढं सरळ कसं जमलं, याचंच मला नवल वाटलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी गाडीत त्यांनी बाकीचं सांगितलं.

"उद्या आपल्या मराठी मंडळाचे लोक येणारेत. मुलगा तुझ्यासमोर आहे. तू वाक, तो उभा राहील. रोज करताच तसं. आपल्या ड्रायव्हरपुढे वाकलेला दिसला तर बरं दिसत नाही रे. आणि दुसऱ्या राउंडला पड. कसं पडायचं ते मास्टरला विचार, आयुष्यभर तेच केलंय त्याने. एनओसी टाइप करून ठेवलीय. पडलास की सही."

"ठीक आहे साहेब," मी म्हणालो.

खोटं कशाला बोलू. मी वाकायचं ठरवूनच गेलो होतो. पडायचंही. घरी बहिणीचं शिक्षण होतं, आईचं दुखणं होतं. एकदा वाकलं की आयुष्यभर शिकवायचं काम. सौदा महाग नव्हता.

शुक्रवारी हॉल भरला. पुढे खुर्च्यांवर साहेब, मॅडम, मंडळाची माणसं. मुलगा समोर आला. मास्टरने वाकायचा हुकूम दिला.

मी वाकायला लागलो. आणि मला त्याच्या पायाची नखं दिसली.

तीन वर्षं मी हीच नखं बघत होतो. कापलेली, गुलाबी, स्वच्छ. या पोराचं वाकलेलं डोकं मी कधी बघितलं नव्हतं, त्याचा भांग कुठे आहे हेही मला ठाऊक नव्हतं. बापानेही जन्मभर दुसऱ्याची नखंच बघितली असतील. आजानेही. तळपायाची आग मस्तकात गेली.

अर्ध्यातून मी वर आलो. सरळ उभा राहिलो.

मास्टरने पुन्हा हुकूम दिला. मी उभा. मुलगा उभा. खुर्च्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. साहेब खाकरले. मास्टर जवळ आला, ओठ न हलवता म्हणाला, "थोड़ा. लिटिल. प्लीज."

"सर, आप झुके थे," मी म्हणालो. "मैं नहीं झुकूँगा. पहले वो."

एसी घरघरत होता. मुलाच्या कपाळावर घाम आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि खरं सांगतो, त्याची मान खाली यायला लागली होती. दोन बोटं खाली आली असेल.

"मान वर!" साहेब ओरडले.

मान वर गेली. त्या पोराला वाकायचं होतं, हे मी देवाशपथ सांगेन. पण नुसतं वाटून काय उपयोग? मान बापाच्या हुकुमाने वर गेली, तेव्हा तोही त्यांच्यातलाच.

मास्टरने एकदा साहेबांकडे बघितलं. मग आम्हा दोघांकडे. मग असा ओरडला की मागची पोरं दचकली.

"बोथ फेल!"

दोघंही नापास. साहेबांचा मुलगा आणि साहेबांचा ड्रायव्हर, एका दमात, एका शब्दात.

खाली पार्किंगमध्ये साहेब म्हणाले, "गाडी काढ." मी किल्ली बॉनेटवर ठेवली आणि रस्त्याला लागलो. मागून मॅडमचा आवाज येत होता, "पण तुम्हाला लायसन्स कुठेय?"

संध्याकाळी मास्टरला भेटलो. वाटलं, पाठीवर हात ठेवेल. त्याने ठेवला नाही.

"तुमने मेरा हॉल खाया," तो म्हणाला. "एक झुकना. एक! तुम्हारा क्या जाता था?"

मी त्याच्या चार दातांकडे बघत राहिलो. तो चुकला असं मी म्हणणार नाही. त्याला पोट होतं, मलाही होतं. पण त्याची वाट माझी नव्हती.

दोन दिवसांनी साहेबांनी ऑफिसात बोलावलं. टेबलावर दोन कागद. एक एनओसी, टाइप केलेली, सहीची जागा रिकामी. दुसरा व्हिसा रद्द करण्याचा, त्यावर माझी सही लागायची. माझा पासपोर्ट त्यांच्याच ड्रॉवरमध्ये.

"अजून वेळ गेलेली नाही," साहेब मवाळ आवाजात म्हणाले. "मुलाला बोलावतो. इथेच, दार लावून. एकदा वाक आणि सॉरी म्हण. बघायला कोणी नाही. लगेच सही करतो."

"तो वाकेल?"

"डोकं फिरलंय का तुझं?"

मी पेन उचललं. व्हिसाची कामं बघणारा केरळचा म्हातारा कारकून हळूच म्हणाला, "भाई, सोच लो."

तीन पिढ्यांचा विचार झाला होता. अजून किती करायचा? मी दुसरा कागद पुढे ओढला आणि सही केली. पूर्ण नाव, आडनावासकट, मोठ्या अक्षरांत. पेन टेबलावर ठेवलं. साहेबांकडे पाठ केली आणि न वाकता बाहेर पडलो.

गावात सगळ्यांनी वेड्यात काढलं. आई तीन महिने बोलली नाही. बहिणीचं कॉलेज सुटलं. हे माझ्या मानेमुळे झालं, ते मी नाकारत नाही. ब्लॅक बेल्ट मला आजही नाही.

आजही मी आधी वाकत नाही. आमदारापुढे नाही, साहेबापुढे नाही, पैसेवाल्यापुढे नाही. लोक उद्धट म्हणतात. म्हणोत. समोरचा वाकला, तर मी त्याच्याहून खाली वाकेन. नाही वाकला, तर मी उभा आहे. नोकरी जाऊ दे, माणसं जाऊ देत. मला घाई नाही.