सीटबेल्टवरची चिखलाची रेघ

मोटारींचं वेड असलेल्या माणसांबद्दल मला आता चांगलं बोलता येत नाही. मी स्वतः त्यांच्यातलीच एक आहे, त्यामुळे बोलायला लागले की तोंड आणखीच कडू होतं.

आमची बैठक वसईजवळ उमेळ्याला एका गॅरेजात भरायची, दर रविवारी सकाळी. गॅरेजचे मालक साठीचे. आम्ही त्यांना मेस्त्री म्हणायचो. सकाळचा मिस्सा आटोपून ते तसेच यायचे, चर्चचा इस्त्रीचा शर्ट खुंटीला टांगायचे आणि ग्रीसने कडक झालेला जुना शर्ट चढवायचे. गॅरेजच्या मागे केळीची उरलेली पाच-सहा झाडं, समोर सात मजली इमारत. मध्ये दोन बाकडी आणि एक फाटकी कारची सीट, तिच्यावर मी बसायचे.

नेहमीचे आम्ही चौघं. मेस्त्री, मी, आणि विमा कंपनीसाठी अपघाताच्या गाड्या तपासणारे एक गृहस्थ, त्यांना सगळे सर्व्हेयर म्हणत. चौथे, मला शाळेत चित्रकला शिकवलेले सर. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मनवेलपाड्याहून स्कूटरवर यायचे. स्वतःची गाडी त्यांनी आयुष्यात कधी घेतली नव्हती, पण शर्यतीतली कुठलीही गाडी नुसत्या आठवणीने वहीत काढून दाखवायचे, अगदी मागच्या पंखाच्या कोनासकट.

मी शाळेत विज्ञान शिकवते. माझे वडील वाडीतली फुलं आणि केळी टेम्पोने दादरला न्यायचे. त्या टेम्पोच्या बॉनेटखाली डोकं घालून मी मोठी झाले. बाईमाणूस गॅरेजात काय करतं, असं मला त्या बाकड्यांवर कुणी विचारलं नाही आणि याचं मला फार कौतुक वाटायचं. मेस्त्री तरुणपणी दक्षिणेत एका शर्यतीच्या पथकात कामाला होते. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाच्या हाडाला लावून आतलं कसं ऐकायचं, हे त्यांनीच मला शिकवलं. "डोळे मीट, बाय," ते म्हणायचे. "डोळे उघडे असले की माणूस रंग बघत बसतो."

गप्पा कशावरही असायच्या. शर्यतीत टायर बदलायला गाडी आत घेतली ती एक फेरी उशिरा घेतली का, टर्बो आल्यापासून गाड्यांचे आवाज सारखेच झाले का, डिझेल इंजिन थंड असताना का कण्हतं. मध्येच सोसायटीला टँकर आला नाही, मेस्त्रींचा मुलगा कॅनडाहून फोन करत नाही, काकूंच्या पायाला सूज आहे, हेही निघायचं. काकू म्हणजे सरांची बायको. तिची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागत होतं. रिक्षाच्या धक्क्यांनी ती घरी पोचेपर्यंत अर्धमेली व्हायची.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत वसईत पाणी भरलं. दरवर्षी भरतं, पण त्या वेळी ते तीन दिवस हललं नाही. इमारतींच्या खालच्या पार्किंगमध्ये गाड्या स्टिअरिंगपर्यंत बुडाल्या. ते नुसतं पावसाचं पाणी नव्हतं. गटारं वर आली होती, संडासाच्या टाक्या फुटल्या होत्या, आणि आमच्या गल्लीत मेलेली घूस दोन दिवस एकाच जागी गोल फिरत होती. पाणी ओसरल्यावर सर्व्हेयर अशा गाड्या तपासून बाद ठरवत होते. त्यांतल्या काही मेस्त्रींच्या मागच्या केळीखाली येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे सुटे भाग काढणार असतील, असं मी धरून चालले. विचारलं मात्र नाही.

सप्टेंबरात एका रविवारी सर म्हणाले, "मला एखादी जुनी गाडी बघून द्या. हिच्यासाठी. चार चाकं आणि थंड हवा, एवढं असलं की झालं."

सर्व्हेयर म्हणाले, "दिलीच समजा, सर."

पुढच्याच रविवारी केळीच्या बाजूने एक चंदेरी गाडी पुढे आली होती. धुतलेली, पॉलिश केलेली. दार उघडलं तर आत चमेलीच्या अत्तराचा असा भपकारा की मला शिंक आली. सरांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, छतावरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळले.

"तू सांग. घेऊ का?"

मी इंजिन चालू केलं, बॉनेट उघडलं, स्क्रूड्रायव्हर लावला आणि डोळे मिटले. इंजिन सुरेख चालत होतं. मेस्त्री शेजारी उभे होते, एक शब्द बोलले नाहीत. मी म्हटलं, "डोळे झाकून घ्या, सर."

सगळे हसले. सर्व्हेयरनी सगळ्यांना वडापाव आणवले. सरांनी काकूंना फोन करून सांगितलं आणि तो आमच्या सगळ्यांच्या कानाला लावला. "तुझ्या हाताखालून गेलीय ना, मग झालं," काकू मला म्हणाली. तिने मला शाळेत असताना पोहे करून घातले होते.

ऑक्टोबर संपता संपता, भर दुपारी, सरांचा फोन आला. आवाज ओळखू येईना. डायलिसिसहून परतताना विरार पूर्वेला गाडीचे वायपर आपोआप चालू झाले होते, मग सगळे दिवे लागले आणि गाडी बंद पडली. बॉनेट बघायला सर खाली उतरले आणि मागे चारही दारं खट्‌कन लॉक झाली. किल्ली आत. काचा वर, कारण एसी चालू होता. मागच्या सीटवर काकू आडवी झालेली. उठून दाराच्या खटक्यापर्यंत हात नेण्याचंही त्राण तिच्यात नव्हतं. सर काचेवर मुठी मारत राहिले. लोक जमले. एकाने मोबाइलवर शूटिंग केलं. शेवटी एका रिक्षावाल्याने जॅकचा दांडा मारून काच फोडली. तोवर काकू बेशुद्ध झाली होती.

ती वाचली. चार दिवसांनी घरी आली. मी मनवेलपाड्याला गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि पंखा असूनही दोन्ही खिडक्या सताड उघड्या होत्या. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी चहाला थांबले नाही. किल्ली घेऊन खाली गेले.

गाडी चाळीच्या कडेला, फुटलेल्या काचेवर प्लास्टिक लावून उभी होती. आठवडाभर उन्हात तापल्याने चमेली उडून गेली होती आणि खालचा वास वर आला होता. तुंबलेल्या मोरीचा, कुजलेल्या कापडाचा. मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट हाताने ओढत गेले, ओढत गेले, शेवटच्या वीतभर पट्ट्यापर्यंत, जो एरवी कधी बाहेर येत नाही. तिथे चिखलाची आडवी तपकिरी रेघ होती. बोट लावलं तर पापडासारखा पापुद्रा निघाला. मग पुढची सीट सोडवली आणि खालचं कारपेट उचललं. खाली काळा, ओला गाळ होता, दह्यासारखा थिजलेला, त्यात पांढऱ्या अळ्या आणि कुणाच्या तरी मुलाची प्लास्टिकची चप्पल. एअरबॅगच्या पिवळ्या वायरीचा जोड हिरवा पडून पिठासारखा भुगा झाला होता. अपघात झाला असता तर ती एअरबॅग उघडलीच नसती.

मी गटाराच्या कडेला बसून ओकले. वासाने की ‘डोळे झाकून घ्या’ या स्वतःच्या वाक्याने, सांगता येणार नाही. कानाला स्क्रूड्रायव्हर लावून मी किती ऐटीत उभी होते, ते सारखं दिसत होतं. सीटबेल्ट ओढून बघायला काही ज्ञान लागत नाही. शाळेतल्या मुलानेही बघितला असता.

रविवारी मी गॅरेजात गेले. मेस्त्री आणि सर्व्हेयर दोघंच होते. मी कारपेटचा तुकडा पिशवीतून काढून बाकड्यावर टाकला.

"ही गाडी बुडालेली होती," मी म्हटलं. "तुम्हाला माहीत होतं."

मेस्त्रींनी तुकडा दोन बोटांनी उचलून खाली ठेवला. "इंजिन बंद पडलं का?"

"इंजिनाचं मी बोलत नाही."

"मी इंजिन पूर्ण उघडून साफ केलंय, बाय. आत पाण्याचा थेंब नव्हता. तू स्वतः ऐकलंस."

"काकू आत कोंडली होती. मेली असती."

"वायरिंग कुणाच्या हातात असतं?" ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. मला वाटतं, त्यांना खरंच वाटत होतं की आपण काही वावगं केलं नाही. इंजिन म्हणजे गाडी, बाकीचं सगळं पत्रा आणि कापड, असं ते आम्हाला वर्षानुवर्षं सांगत आले होते आणि आम्ही माना डोलावल्या होत्या.

सर्व्हेयर हसला. "मॅडम, तुमच्या गाडीला मेस्त्रींनी अल्टरनेटर बसवून दिला, तो काय चर्चच्या दानपेटीतून आला? सगळ्यांच्या गाडीत कुठल्या तरी बुडालेल्या गाडीचं काहीतरी आहे. सगळीकडे हेच चालतं."

बॅटरी चार्ज करणारा तो अल्टरनेटर मी ख्रिसमसची भेट म्हणून कौतुकाने घेतला होता.

मी तिथेच उभी होते. सर्व्हेयर मेस्त्रींकडे वळून म्हणाला, "आजच्या शर्यतीत पहिल्या नंबरवरून कोण सुटणार, ती कालची पात्रता फेरी बघितलीत? शेवटच्या फेरीत काय वळण घेतलं त्याने." आणि मेस्त्रींनी उत्तर दिलं. टायर अजून गरम झाले नव्हते म्हणाले. गाळाने माखलेला तो तुकडा त्यांच्या दोघांच्या मध्ये होता, त्याच्यावर माश्या बसायला लागल्या होत्या, आणि ते वळणाबद्दल बोलत होते. तेच वळण आदल्या दिवशी बघताना मीही टाळी वाजवली होती. त्या क्षणी मला दोघांची, शर्यतींची, पेट्रोलच्या वासाची, सगळ्याचीच शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी मी अल्टरनेटर काढून फेकला. त्याने कुणाचं काही भलं झालं नाही.

सरांना मी म्हटलं, आपण तक्रार करू. मी लिहिते, तुम्ही सही करा, गाळाचे फोटो माझ्याकडे आहेत. ते वहीतल्या कोऱ्या पानावर पेन्सिल टेकवून बसून राहिले.

"गाडी भंगारात दिली," ते म्हणाले. "आता राहू दे."

"काकू गेली असती, सर."

"मला माहीत आहे." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मेस्त्रींवर तक्रार केली तर रविवारी मी जाऊ कुठे?"

त्यांचा मला इतका राग आला की मी चपला घालून सरळ खाली उतरले. आतल्या खोलीत काकू जागी होती आणि तिने ते ऐकलं होतं, हे जिना उतरताना माझ्या लक्षात आलं. मी एकटीनेच तक्रार लिहिली, फोटो जोडले, विमा कंपनीला पाठवली. मूळ मालक आपण नसल्याने तपशील देता येत नाही, असं दोन ओळींचं उत्तर आलं.

डिसेंबरात मी गॅरेजवरून जात होते तेव्हा केळीखालची एक लाल गाडी पुढे आणून लावलेली दिसली. तिच्यापाशी वसईतल्या होळी भागातलं एक तरुण जोडपं उभं होतं. नवरा वाडीतली भाजी बाजारात नेणारा, बायकोच्या कडेवर सहा-सात महिन्यांची मुलगी. मेस्त्री बॉनेट उघडून त्यांना इंजिन ऐकवत होते. बाकड्यावर सर्व्हेयर होता, आणि सरही होते, मांडीवर वही घेऊन.

मी आत गेले, मागचं दार उघडलं आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला.

"हे बघा," मी त्या बाईला म्हटलं. "ही चिखलाची रेघ. गाडी इथपर्यंत गटाराच्या पाण्यात होती. मुलीला हिच्यात बसवू नका."

बाईने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. नवऱ्याने मेस्त्रींकडे बघितलं. मेस्त्रींनी बॉनेट हळूच खाली आणलं आणि माझ्या हातातून पट्टा सोडवून घेतला.

"पुन्हा इथे येऊ नकोस, बाय," ते म्हणाले.

मी सरांकडे बघितलं. "सर, तुम्ही सांगा ना त्यांना." सरांनी वहीतलं पान उलटलं. जोडपं स्कूटरवर बसून निघून गेलं. मी बाहेर आले तेव्हा निदान एक घर वाचलं असं वाटलं, आणि त्या समाधानात मी पंधरा दिवस काढले.

पंधरा दिवसांनी वसईच्या बाजारात ती लाल गाडी दिसली. पुढे झेंडूचा हार, मागच्या सीटवर कोथिंबिरीच्या जुड्या, आणि त्यांच्या शेजारी आईच्या मांडीवर ती मुलगी. नवऱ्याने मला ओळखलं. थोडा ओशाळून हसला आणि काच खाली केली. आतून चमेलीचा वास आला.

"बाई, मेस्त्रींनी चारही पट्टे नवे टाकून दिले," तो म्हणाला. "एकदम कोरे. हे बघा."

मी म्हटलं, "घरी जाऊन पायाखालचं कारपेट तेवढं उचलून बघा."

बायको मुलीचं टोपडं नीट करत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "आता घेतलीय, बाई. कशाला बघायचं?"