पिलात नसलेला सिनेमा

सिनेमातला आंतोन फार देखणा आहे. इजाबाईचा खरा आंतोन काळा, बुटका, पुढचा एक दात पडलेला. सिनेमावाल्यांना देखणा माणूस लागतो, ते सोडून देऊ. बाकीचं मला सोडता येत नाही, म्हणून सांगते.

आमचं गाव रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, किल्ल्याच्या पायथ्याशी. ख्रिस्ती कोळ्यांचं गाव. इजाबाई बोंबील वाळवून बाजारात विकते. आंतोन मासेमारी करायचा, आणि पर्यटकांच्या मोसमात जोकीम शेठच्या बोटींवर रोजाने जायचा. आंतोन बुडाला त्या दिवशी किनाऱ्यावर लाल बावटा लावला होता. तरी जोकीमने पुण्याच्या एका कुटुंबाला फिरवायला बोट काढायला लावली, चालवायला त्याचाच नोकर पास्कू. खोल पाण्यात गेल्यावर इंजिन बंद पडलं. मग किनाऱ्यावरून जोकीम आंतोनला म्हणाला, “जातोस, की उद्यापासून घरी बसतोस?” इजाबाई नवऱ्याचा डबा घेऊन तिथेच उभी होती. तिने हे स्वतःच्या कानांनी ऐकलं.

आंतोनने दोर टाकून बोट ओढत आणली. पुण्याचं कुटुंब वाचलं, घरी गेलं, आणि आंतोन कोण होता हे विचारायलाही परत आलं नाही. आंतोनची होडी मात्र दोर सोडताना लाटेने उलटली. जोकीमने पोलिसांना सांगितलं, तो पिऊन होता, नको नको म्हणताना स्वतःहून गेला. नाताळलासुद्धा घोटभरच घेणारा माणूस मेल्यावर दारुडा ठरला! ऐकणारे सगळे जोकीमच्या पगारावर. एकाचंही तोंड उघडलं नाही. इजाबाईचं कोण ऐकतो? ती पडली बायको.

आणि मग हा सिनेमा. बातमी वाचून कुणीतरी कथा रचली, आमच्याच किनाऱ्यावर शूटिंग केलं, बोटी जोकीमच्याच घेतल्या. सुरुवातीला पडद्यावर त्याचे आभारही आहेत. त्यात नायक गाणं म्हणत स्वतःहून वादळात शिरतो, बुडतो, आणि तिसऱ्या दिवशी हसत समुद्रातून चालत बाहेर येतो. अलिबागच्या थिएटरात आख्खं गाव रडलं. मीही रडले, आणि बाहेर आल्यावर मलाच माझा संताप आला. शेजारी इजाबाई कोरड्या डोळ्यांनी शेवटपर्यंत बसली होती. तिचा आंतोनही तिसऱ्या दिवशीच आला होता. फुगून आला होता. गळ्यातल्या क्रुसावरून तिने त्याला ओळखलं.

आमचे फादर वसईचे, तरुण, मनाने चांगले. पण त्यांना हा सिनेमा चढला. ईस्टरआधीच्या उपासकाळातली सगळी प्रवचनं त्याच्यावरच. होडी, वादळ, दुसऱ्यासाठी जीव देणं, तिसऱ्या दिवशी मरणातून उठणं. “बघा, दिग्दर्शकाच्या नकळत येशू या सिनेमात आला आहे!” लोक माना डोलवायचे. पहिल्या बाकावर जोकीम सगळ्यांत जास्त.

पवित्र गुरुवारी आमच्याकडे फादर बारा जणांचे पाय धुतात, येशूने शिष्यांचे धुतले तसे. त्याच्या आदल्या आठवड्यात ते इजाबाईकडे आले. मी तिच्याबरोबर वलांडीवरचे सुकलेले बोंबील उतरवत होते.

“बाई, आंतोन येशूसारखा स्वतःहून मरणाला सामोरा गेला,” फादर म्हणाले. “यंदा बारांत पहिल्या तुम्ही बसा. शेजारी जोकीम शेठ बसतील. मनातलं सगळं धुऊन निघेल.”

इजाबाईने हातातले बोंबील टोपलीत आपटले.

“सोताहून? मंग पिलात कुटं हाय तुमच्या सिनेमात?”

“पिलात?”

“दर रविवारी मिस्सेच्या प्रार्थनेत मोठ्यानं पिलाताचं नाव घेतो का न्हाय आपण? येशू मेला म्हणताना कुणाच्या राज्यात मेला त्ये बी बोलतो. देवाच्या पोराला क्रुसावर धाडून, माझा काय दोस न्हाय म्हणत लोकांफुडं हात धुणारा सुभेदार हाय, आन् माझा आंतोन आपला आपणच मेला? तुमाला सिनेमात येशू दिसला, बरं झालं. पिलात न्हाय दिसला, कारन त्यो खाली खुर्चीत बसून पॉपकॉर्न खात व्हता.”

फादरांचा चेहरा पडला. ते म्हणाले, “राग देवाला द्या, बाई.”

“दिला व्हता. त्यानं परत धाडला,” इजाबाई म्हणाली. “पण येईन मी. बसीन.”

गुरुवारी चर्च गच्च भरलं होतं. आम्ही क्वायरवाल्या बाजूला गात होतो. वेदीसमोर बारा खुर्च्या, प्रत्येकाचा एक पाय उघडा. फादरांनी इजाबाईचा पाय धुतला, पुसला, त्याचं चुंबन घेतलं. मग ते जोकीमकडे वळले, तर इजाबाई उठली आणि तिने त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला. ही आता जोकीमचे पाय धुणार असं वाटून बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सिनेमाने सवयच लावली होती.

“हात फुडं कर,” इजाबाई म्हणाली.

आमच्याकडे पंगत उठली की घरची बाई तांब्या घेऊन दारात उभी राहते आणि जेवलेला माणूस न विचारता हात पुढे करतो. जोकीमने तसंच केलं. तिने पाणी ओतलं. त्याने हात चोळलेसुद्धा.

“धू. नीट धू. पिलातानं धुतले तसे.”

जोकीमचे हात तिथेच थांबले. आमचं गाणं कधी बंद पडलं कळलंच नाही. बारांतलाच एक, एका पायात चप्पल असलेला पास्कू, उठून उभा राहिला.

“फादर, आंतोन पिऊन नव्हता. शेठनी पाठवला त्याला. किनाऱ्यावरच्या सगळ्यांनी ऐकलंय.”

फादरांनी जोकीमकडे पाहिलं, मग तांब्याकडे. त्यात थेंबही उरला नव्हता. जोकीम एक बूट हातात घेऊन मधल्या वाटेने निघून गेला, आणि त्याला जागा द्यायला वाटेत बसलेल्या कुणी पाय आखडले नाहीत.

आता रविवारी पिलाताचं नाव आलं की आमच्या चर्चमध्ये इजाबाईचा आवाज सगळ्यांत वर असतो. पहिला बाक रिकामा असतो. जोकीम मिस्सेला दुसऱ्या गावी जातो. जाऊ दे. ते नाव तिथेही घेतात.